आत्मविश्वासही मोजायला हवा

कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये जिल्ह्याबरोबरच कोकण आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. त्यांना दिलेली गोळी, सलाईन, इंजेक्शन यांची नोंद केसपेपरवर होते. पण घाबरलेल्या रुग्णाजवळ दोन मिनिटे बसणे, धाप लागलेल्याला उशीच्या आधाराने पुढे झुकवून बसवणे, दुखऱ्या गुडघ्याला शेक देणे, हेही उपचारच आहेत.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे आले. मात्र जे जमेल अशी खात्री वाटत नाही, ते काम माणूस टाळतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडले होते. म्हणून डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातील मावशी-मामा या सर्वांना ‘हे जमेल याची किती खात्री वाटते?’ असे विचारून शून्य ते दहा गुण घ्यावेत. नाव न लिहिता, प्रशिक्षणाआधी, नंतर आणि पुन्हा सहा महिन्यांनी.

अर्थात, कर्मचाऱ्याला खात्री वाटली म्हणजे रुग्णाला आराम पडला असे नव्हे. तेव्हा रुग्णालाही विचारावे. आणि गुण कमी आले तर नोटीस काढण्याआधी एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत, हे मोजावे. वेळच नसेल, तर नुसत्या खात्रीने जवळ बसता येत नाही.