रेघोट्यांना वाली कोण?

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत बारसूचा विषय निघाला. एक वहिनी सहज म्हणाल्या, "दगडावरच्या चार रेघोट्यांसाठी एवढा मोठा कारखाना अडवायचा? पोरांना नोकऱ्या नकोत का?" सगळ्याजणी हसल्या. मीही गप्प बसले. घरी येईपर्यंत माझाच मला राग आला, म्हणून हे लिहिते आहे.

वहिनी, नोकरीचं तुमचं म्हणणं खोटं नाही. माझाही मुलगा पुण्यालाच गेला. पण राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर जांभ्या दगडात एक माणूस कोरलाय, दोन बाजूंना दोन वाघ घेतलेला. हजारो वर्षं तो ऊनपाऊस खात तिथे पडून आहे. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू त्यात आहे, आपल्या शेजारच्या गोव्यातलं फणसायमळही आहे. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. गावातल्या बायका त्या उन्हात आडव्या झाल्या.

माझं भांडण कारखान्याशी नाही, क्रमाशी आहे. आधी जागा ठरते आणि मग तिथे काय आहे ते बघतात! मुलगी बघायच्या आधीच कार्यालय बुक केल्यासारखं झालं हे. बरं, परवानगीच्या फॉर्मात विचारतात ते आसपासच्या संरक्षित स्थळांबद्दल. जे अजून कुणी शोधलंच नाही, ते यादीत येणार कसं? कोकणातली कितीतरी शिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शोधली. फणसायमळसुद्धा 1993 मध्ये गावकऱ्यांनी सांगितलं तेव्हा अभ्यासकांना कळलं. सड्यावर माती साचते, गवत वाढतं. ऑफिसात नकाशा पसरून हे दिसत नाही, हातात झाडू घेऊन जावं लागतं. जेसीबीला मात्र अर्धा तास पुरतो.

आता आपल्याच लोकांना एक टोचणारी गोष्ट विचारते. शेत नांगरताना तीर्थंकरांची एखादी भग्न मूर्ती निघाली, की आपले फोन खणखणतात. नारळ, फुलं घेऊन सगळे धावतात. किल्ल्यातल्या कमल बस्तीला 800 वर्षं झाली म्हणून पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. हे योग्यच आहे. पण ज्या दगडावर कुठल्याच पंथाची खूण नाही, तो आपला नाही काय? तो कोरणाऱ्यांच्या काळात ना आपण जैन होतो, ना कुणी मराठी, ना कानडी.

पाऊस संपला की मी गाडी ठरवते. अनमोडवरून फणसायमळ एका दिवसात होतं. कुशावतीच्या काठी खडकात गोल गोल फिरत जाणारी एक आकृती आहे. रोज दारात रांगोळी काढणाऱ्या वहिनींनी ती एकदा बघावी, आणि तिथे उभं राहून मला सांगावं, ही रेघोटी आहे म्हणून.