छताला खिडकी, खिशाला भोक

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आमच्या घराण्यात मोटार घेण्याचा प्रसंग यापूर्वी कधी आला नव्हता. आजोबांची सायकल, बाबांचा लोकलचा पास आणि माझ्या पायांतली चप्पल, एवढीच आमची वाहनपरंपरा. ती गेल्या वर्षी मोडावी लागली. आजीला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी मांजर्लीहून कल्याणला न्यावे लागते. डायलिसिस आटोपल्यावर माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. अशा माणसाला गर्दीच्या लोकलमध्ये चढवणे, बदलापूरला उतरवणे, जिना चढवून उतरवणे आणि मग पावसात रिक्षा शोधणे, हे सारे आम्ही दोन पावसाळे केले. बाबा निवृत्त झाले, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली आणि घरात ठरले की लहानशी विजेची मोटार घ्यायची. चालवणार ताई, कारण घरात परवाना तिच्या एकटीकडेच.

विजेचीच का, तर हिशेब सोपा होता. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आतले अंतर. लहान विजेची मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे एका खेपेला सहा-सात युनिटे. रात्री गाडी साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावली, तर दोन-तीन तासांत तेवढी वीज परत भरते. मोटार कोणती हा प्रश्न एका रविवारी सुटला. खरा प्रश्न पुढेच होता: त्या मोटारीची कोणती श्रेणी घ्यायची? या प्रश्नाने आमच्या घरात तीन आठवडे जेवणाची चव घालवली, आणि त्यातून मला जे समजले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

शोरूममध्ये आमच्या हाती एक रंगीत तक्ता देण्यात आला. शोरूम कोणते आणि गाडी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. असे तक्ते सर्वत्र मिळतात. डावीकडे सोयींची यादी आणि उजवीकडे तीन रकाने. पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडव्या रेघा, मधल्यात काही रेघा आणि काही बरोबरच्या खुणा, तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच बरोबर. तो पाहून मला वर्गातली निकालपत्रके आठवली. पहिला रकाना नापास विद्यार्थ्याचा, तिसरा गुणवत्ता यादीतला. आता सांगा, आयुष्यात पहिल्यांदा मोटार घेणारा कोणता बाप नापासाच्या रकान्यावर बोट ठेवील?

आम्हाला खरोखर हवे होते ते दोनच पदार्थ. ताईची उंची जेमतेम पाच फूट. चालकाची बैठक वर उचलता आली नाही, तर तिला बॉनेटपलीकडचा रस्ता नीट दिसत नाही. दुसरे, मागच्या काचेचा वायपर. उल्हास नदीकाठचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही. तक्ता पाहिला. बैठक उचलण्याची सोय मधल्या श्रेणीपासून. मागचा वायपर तिसऱ्या श्रेणीत, आणि तोही एकटा येत नाही. त्याच्याबरोबर छताला उघडणारी खिडकी, चामड्यासारख्या दिसणाऱ्या खोळी, मोठा पडदा आणि दारात रंग बदलणारे दिवे येतात. पहिल्या आणि तिसऱ्या श्रेणीत दीड लाखाहून अधिक रुपयांचे अंतर. “फक्त वायपर बसवून द्या, त्याचे पैसे घ्या,” असे बाबा म्हणाले, तेव्हा विक्रेता हसला. तसे होत नाही, म्हणाला. पावशेर मिरच्या मागणाऱ्याला भाजीवाल्याने सांगावे की मिरच्या हव्या असतील तर फणसही घ्यावा लागेल, त्यातला हा प्रकार.

मला वाटले होते की हे आजच्या कंपन्यांचे डोके आहे. पण अर्थशास्त्राच्या अभ्यासात झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याचे नाव भेटले. १८४९ साली त्याने आगगाडीच्या वर्गांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्परच नसे. त्याचे म्हणणे असे की, छपराला लागणारे चार पैसे वाचावेत म्हणून कंपनी ते काढून घेत नाही, आणि गरिबांना छळण्यासाठीही नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम त्रासदायक ठेवला जातो. मार गरिबाला बसतो, पण भीती घालायची असते ती मधल्या माणसाला. हे वाचले आणि आमच्या तक्त्यातल्या आडव्या रेघांचा अर्थ उलगडला. मागच्या वायपरला कंपनीला काही फार खर्च येत नसावा. तो खालच्या श्रेणीत नाही, कारण तो तिथे असता तर आमच्यासारखी माणसे वर चढलीच नसती. काळ कसा पालटला पाहा: तेव्हा खालच्या वर्गाचे छप्पर काढून घेत, आता वरच्या वर्गाला छपरात भोक पाडून देतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात!

नावे घेऊन बोलायचे तर जाहीर किमतींकडे पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टिआगो ईव्ही ८ लाख ४९ हजारांपासून ११ लाख ७९ हजारांपर्यंतच्या किमतींत आली. बॅटऱ्या दोन: १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या. घरी वेगाने वीज भरणारा ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा असेल, तर तो मोठ्या बॅटरीच्या आणि त्यातही वरच्या दोन श्रेणींनाच, पन्नास हजार जास्त देऊन, मिळत असे. जानेवारी २०२४ मध्ये पंच ईव्ही आली. तिच्यात मोठ्या बॅटरीसाठी वेगवान चार्जरचे पन्नास हजार आणि छताच्या खिडकीचेही पन्नास हजार! एक वस्तू गाडीच्या पोटापाण्याची, दुसरी हौसेची. तक्त्यात दोघींचे मोल सारखे. पण याच गाडीविषयी एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. सहा एअरबॅगा तिने अगदी खालच्या श्रेणीपासून दिल्या. म्हणजे मनात आणले तर जीव वाचवणारी वस्तू रकान्यांच्या बाहेर काढता येते.

आणि कंपनीच्या मनात आले नाही तर कायद्याने काढता येते. एके काळी एअरबॅग हीसुद्धा ‘टॉप मॉडेल’ची मिजास होती. १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सर्व मोटारींना सक्तीची झाली आणि २०२१ अखेरीस त्याच्या शेजारच्या आसनालाही. मागे गाडी घेताना सूचना देणारे सेन्सरही २०१९ पासूनच सक्तीचे. त्यामुळे मोटार उद्योग बुडाल्याचे कोणी ऐकले नाही. कालची चैन आज किमान गरज ठरते, आणि ती रेघ कोठे ओढायची हे समाजाने ठरवायचे असते. ते केवळ विक्री विभागावर सोडून भागणार नाही.

या म्हणण्याला आक्षेप घेता येईल, आणि आमच्या घरात तो घेतलाही गेला. वर्गात आम्हाला शिकवतात की हौशी गिऱ्हाइकाकडून जास्त नफा मिळतो, म्हणून खालची श्रेणी स्वस्त ठेवता येते. यात तथ्य आहे. ज्याला आकाश पाहायचे आहे त्याने पैसे मोजून जरूर पाहावे. माझी तक्रार खिडकीविषयी नाही. गरजेची वस्तू हौसेच्या शेपटीला बांधण्याविषयी आहे. शिवाय एक गोष्ट विसरली जाते. विजेच्या मोटारींवरचा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. लहान पेट्रोल मोटारींचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये उतरला तोही १८ टक्क्यांपर्यंतच. ही सवलत हवा स्वच्छ राहावी म्हणून सर्वांच्या पैशातून दिली जाते. पण ती गाडीच्या पूर्ण किमतीवर मिळते. म्हणजे छताच्या खिडकीलाही सवलत, चामडी खोळींनाही सवलत, आणि जितकी गाडी महाग तितकी रुपयांत सवलत जास्त. सार्वजनिक पैसा जिथे जातो, तिथे किमान सोयी कोणत्या याची अट घालण्याचा अधिकार समाजाला असलाच पाहिजे.

बदलापूरकरांना हे मी समजावून सांगावे असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सोडल्या गेल्या, तेव्हा आपल्याच स्थानकावर लोक संतापून उभे राहिले होते. कळव्यालाही तेच झाले, आणि मध्य रेल्वेला नव्या दहा वातानुकूलित फेऱ्या २५ ऑगस्टपासून मागे घ्याव्या लागल्या. गार हवेशी कोणाचे वैर नव्हते. वैर होते ते साधी गाडी काढून तिच्या जागी महागडी ठेवण्याशी. आम्हालाही शोरूममध्ये ऐकवण्यात आले की खालची श्रेणी हवी असेल तर थांबावे लागेल, वरची मात्र पुढच्या आठवड्यात मिळेल.

बाबांचा आक्षेप मात्र अर्थशास्त्राचा नव्हता. एका रात्री ते म्हणाले, “छत्तीस वर्षं सेकंड क्लासात उभा राहून गेलो. एकदाच गाडी घेतोय. तीही खालचीच घेऊ?” यावर मला उत्तर सुचले नाही. द्युप्युईचे नाव तिथे कामाचे नव्हते. वरची श्रेणी विकत घेताना माणूस दिवे आणि खोळी घेत नसतो. आपण आता खालचे राहिलो नाही एवढे एक वाक्य तो विकत घेत असतो, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. उत्तर शेवटी आईने दिले. ती म्हणाली, “मागच्या दारावरचं अक्षर शेजारी वाचतील. आजीला ते दिसतसुद्धा नाही.” त्या दीड लाखात आजीच्या औषधपाण्याचे किती महिने बसतात, ते तिने कागदावर मांडून ठेवले होते. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे ते बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही तक्ता बाजूला ठेवून तक्त्यात नसलेले प्रश्न विचारायला लागलो. मांजर्लीत गाडी ठेवायची कुठे? २६ जुलै २००५ चा पूर आम्हा मुलांना ऐकून माहीत आहे. २७ जुलै २०१९ चा मात्र डोळ्यांनी पाहिलेला आहे, ज्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. आमच्या इमारतीच्या खांबांवर त्या पुराची मातकट रेघ अजून आहे. विजेच्या मोटारीची बॅटरी पायाखाली, तळाशी असते. तिच्यावर ‘आयपी ६७’ अशी खूण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये. पण उल्हास नदी घड्याळ पाहून अर्ध्या तासात परत जात नाही! तेव्हा पावसाचा जोर दिसताच गाडी उंचावर नेऊन ठेवणे हाच उपाय, आणि तो तिन्ही श्रेणींना सारखाच लागू. दुसरा प्रश्न सोसायटीचा. घरच्याच वीजजोडणीवरून गाडी भरता येते, हे केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तो कागद दाखवल्यावर आमच्या मीटरवरून तार ओढायला परवानगी मिळाली. चांगले अर्थिंग करून घेतले आणि प्लगची पेटी २०१९ च्या रेघेच्या हातभर वर बसवली. या एका पेटीवर आमचा पैसा जितका सार्थकी लागला, तितका तिसऱ्या श्रेणीत लागला नसता.

अखेर मधली श्रेणी घेतली, लहान बॅटरीची. ताईची बैठक वर उचलते आणि तिला रस्ता दिसतो. वेगवान चार्जर घेतला नाही, कारण रात्र मोठी असते आणि कल्याण जवळ आहे. मोठ्या बॅटरीचा आग्रह तीन आठवडे मीच धरला होता, हेही कबूल केले पाहिजे. तक्त्याची भुरळ फक्त वडीलधाऱ्यांनाच पडते असे नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण चार-पाच वर्षांत नोकरीला लागतील आणि असाच एखादा रंगीत तक्ता आपल्यापुढे येईल. मोटारीचा नसेल तर फोनचा, विम्याचा, नाही तर मुलाच्या शाळेचा. तेव्हा पहिल्या रकान्यातल्या रेघा मोजत बसू नये. आधी घरी बसून आपली गरज आपल्या अक्षरात लिहावी आणि मगच तो तक्ता उघडावा. आणि जी गोष्ट जिवाशी निगडित आहे ती पहिल्या रकान्यात का नाही, हा प्रश्न तिथे उभे राहून मोठ्याने विचारावा. एकट्याने विचारला तर विक्रेता हसतो. पुष्कळांनी विचारला तर काय होते, ते बदलापूर स्थानकाने दाखवलेले आहे.

मागच्या काचेला वायपर नाहीच. पावसाळ्यात निघण्यापूर्वी बाबा खाली उतरतात, खिशातून जुने फडके काढतात आणि ती काच लख्ख पुसतात. वाटेत दोनदा गाडी थांबवून पुन्हा पुसतात. मागच्या आसनावरून आजी विचारते, “काय पुसतोस रे एवढं?” ते म्हणतात, “काही नाही आई, मागचं दिसावं म्हणून.”