बाटलीतील जिवाणूंचे मोल

पोट बिघडले की आमच्या घरांतून पूर्वी उकड्या तांदळाची पेज आणि ताक पुढे येई. अलीकडे मात्र शीतकपाटातून एक चिमुकली बाटली निघते. तिच्यात कोट्यवधी उपकारक जिवाणू असतात, आणि ते नित्य प्यायल्याने पचन सुधारते, असे जाहिरात सांगते.

हे शास्त्र निव्वळ थोतांड आहे असे आम्ही म्हणणार नाही. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली जठरातील आम्लात तग धरणारा जिवाणूंचा एक वाण वेगळा काढला व १९३५ पासून तो 'याकुल्ट' या नावाने विकला जाऊ लागला. प्रतिजैविके घेताना होणारे जुलाब काही वाणांमुळे कमी होतात, यालाही बऱ्यापैकी आधार आहे. परंतु गुण वाणाचा असतो, बाटलीचा नव्हे. एका वाणाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही, आणि जाहिराती नेमके तेच करतात.

आम्हांला खरी चिंता वाटते ती लहान मुलांची. २०१८ साली अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-वांत्यांनी आजारी असलेल्या दीड हजारांहून अधिक बालकांची पाहणी झाली. जिवाणू दिलेल्या मुलांना इतरांहून अधिक लाभ झाल्याचे त्यांत दिसले नाही. मूल दगावते ते अंगातील पाणी आटल्याने. अशा वेळी आईने धावत जाऊन महागडी बाटली आणावी आणि मीठ-साखर-पाण्याचे स्वस्त पाकीट फडताळात तसेच पडून राहावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना व प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांना जिवंत जिवाणू अपायही करू शकतात. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पाऊल टाकू नये.

घरच्या ताकाची आरती ओवाळण्याचाही आमचा हेतू नाही. त्यातील बहुतेक जिवाणू जठरातच नष्ट होतात. पण ताक हे अन्न आहे, ते औषधाचा आव आणत नाही. निरोगी माणसाने चव आवडते म्हणून बाटली घेतली तर आमची हरकत नाही. मधुमेह्याने मात्र आधी साखरेचा आकडा वाचावा.

बाटलीवर वाणाचे पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या व साठवणीचे तापमान ठळक मराठीत छापले जावे, अशी आमची मागणी आहे. बीजाणूरूपातील काही वाण उष्म्यात टिकतात. आंबवलेल्या दुधाच्या पेयांना गारवा अखंड लागतो. ऐन पावसाळ्यात वीज गेल्यावर गावोगावच्या दुकानांतील शीतकपाटे किती तास बंद असतात, याची पाहणी अन्न व औषध प्रशासनाने या चतुर्थीपूर्वीच करावी.