चित्रकथा कोणती निवडावी?

चित्रकला हा विषय आपल्या घरांतून अद्यापि हौसेच्या सदरातच मोजला जातो. मुलाचा हात चांगला वळतो, मुलगी रांगोळी सुरेख काढते, एवढे कौतुक झाले की पालकांचे कर्तव्य संपते. पण तेच मूल कलाशाळेत जातो म्हणाले की घरात चिंता पसरते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या सध्या मुंबईस चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. या सत्रात तिला एकच मोठे काम नेमून दिले आहे : एक कथा स्वतः निवडावयाची आणि ती चोवीस पृष्ठांच्या सचित्र पुस्तकातून सांगावयाची. सत्र सोळा आठवड्यांचे. त्यांतील तीन आठवडे निवडीच्या वादातच गेले. बापलेकींत अबोला होण्याची वेळ आली, तेव्हा वडिलांनी हा प्रश्न आमच्याकडे धाडला. तो एकाच घरापुरता नसल्यामुळे त्याचा विचार येथे करणे योग्य होईल.

वडिलांचे म्हणणे असे की, बुलढाणा जिल्ह्यातील मुलीने सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे चरित्रच घ्यावे. मुलीचे मन लोणारच्या सरोवरावर बसले आहे. आणि असुराची गोष्ट म्हणजे पोरखेळ, असे वडिलांस वाटते. जिजाऊंचे चरित्र थोर, याविषयी कोणास संशय आहे? तथापि विषय थोर असला म्हणजे काम आपोआप थोर होत नाही. 1598 ते 1674 ही शहात्तर वर्षे चोवीस पृष्ठांत बसविली, तर प्रत्येक पृष्ठाच्या वाट्यास तीन वर्षांहून अधिक काळ येतो. ते चरित्र नव्हे, ती जंत्री होय. शिवाय त्या काळचे वाडे, वस्त्रे, अलंकार यांची खातरजमा करण्यातच अर्धे सत्र निघून जाईल.

चित्रांनी कथा सांगणे म्हणजे काय, हे आपल्या विदर्भाच्या भवभूतीने आठव्या शतकातच दाखवून ठेविले आहे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात जनक परत गेल्यामुळे सीता खिन्न आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला व रामाला रामकथेची चित्रे दाखवितो. मंथरेचे चित्र येताच राम उत्तर न देता पुढील चित्राकडे वळतो, आणि कैकेयीचा प्रसंग गाळला गेला हे लक्ष्मण मनातल्या मनात ओळखतो. शूर्पणखा दिसताच सीता भयभीत होते. हे केवळ चित्र आहे, असे सांगून रामाला तिची समजूत घालावी लागते. चित्रे पाहूनच तिला पुन्हा वनात जाण्याचे डोहाळे होतात, आणि पुढील सर्व अनर्थाला तेच निमित्त होते. चित्रकाराने येथून दोन धडे घ्यावेत. काय दाखवावे याइतकेच काय गाळावे यालाही महत्त्व आहे; आणि ज्या चित्राने पाहणाराचे मन जागचे हलत नाही, ते कथेतले चित्र नव्हे.

या कसोटीवर लोणार उतरते काय? आमच्या मते खचित उतरते. आख्यायिका सांगते की, लवणासुर भूमीखाली दडून बसला होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप धारण केले, असुराच्या बहिणींनीच भावाचे लपण्याचे ठिकाण सांगितले, आणि देवाने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून दैत्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच नावाचे. भूशास्त्र सांगते की, आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर पडले. एका कथेत झाकण खालून वर उडते, दुसरीत पाषाण वरून खाली येतो. खड्डा मात्र एकच! त्यातील खारे पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालेले साऱ्या देशाने पाहिले. एवढी सामग्री आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ती डोळ्यांनी पाहून पडताळता येते. भावाचे गुपित फोडणाऱ्या बहिणींची मुद्रा कशी रेखाटावी, हा प्रश्न पोरखेळ म्हणणाराने एकदा स्वतःस विचारून पाहावा.

आता प्रारंभाविषयी. उरलेल्या तेरा आठवड्यांची वाटणी अशी करावी. दोन आठवडे लोणारला राहून कड, धारेचे पाणी, मंदिरातील शिल्पे, पहाटेचा व दुपारचा प्रकाश यांची रेखाटने करावीत. दोन आठवडे एका मोठ्या कागदावर चोवीस चौकटी आखून सारी कथा पेन्सिलीने मांडावी, आणि ती कथा ठाऊक नसलेल्या लहान मुलास दाखवावी. तो जेथे अडखळेल ती चौकट पुसावी. समोरासमोरील दोन पृष्ठांस एक, अशी बारा चित्रे सात आठवड्यांत रंगवावीत. एक आठवडा अक्षरांस, आणि एक आजारपण व आळस यांच्यासाठी राखून ठेवावा. पहिले चित्र सुंदर करण्याच्या नादात महिना घालविणारा विद्यार्थी शेवटची चित्रे रात्रीत उरकतो, हे ठरलेलेच.

घाईने निराश होणारांनी आपल्या शेजारच्या अजिंठ्याकडे पाहावे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व पेस्तनजी बोमनजी प्रभृती त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात तेथील जातककथांच्या चित्रांच्या प्रती करीत होते. 1885 साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ प्रती जळाल्या. तरीही 1896 साली त्या कार्याचे ग्रंथ प्रसिद्ध झालेच. गुहांतील मूळ चित्रे पुढे आणखी झिजली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांच्या परिश्रमांचे मोल कळले.

पालकांस आमचे सांगणे इतकेच की, कथेची निवड मुलीची असू द्यावी; कारण तेरा आठवडे तिच्याशी झुंजावयाचे आहे ते तिला. दुसऱ्याने निवडलेला विषय फसला, तर मूल निवडणारास दोष देऊन मोकळे होते. स्वतः निवडलेला फसला, तर शिकते. जिजाऊंचे चरित्र कोठे जात नाही. हात तयार झाला म्हणजे ती आपण होऊन सिंदखेडराजाची वाट धरील. तोपर्यंत वडिलांनी वाद मिटवावा आणि तिला लोणारला स्वतः घेऊन जावे.