लायसन्स एजंटाचे, गुन्हा मात्र ड्रायव्हरचा!

आपल्या वस्त्यांतील दहावी-बारावी झालेली मुले आज कोठे कामाला आहेत याची कोणी मोजदाद केली, तर ड्रायव्हरांची रांग फार लांब निघेल. छोटा हत्ती, डंपर, पाण्याचा टँकर, नगरपालिकेची घंटागाडी, शाळेची बस, कंपनीची कॅब. सरकारी नोकऱ्यांचे कंत्राटीकरण करून राखीव जागा आतल्या आत पोखरण्यात आल्या आणि पदवी हातात असलेल्या तरुणालाही स्टिअरिंग धरावे लागले. कष्टाच्या कामात कमीपणा नाही. खंत वेगळीच आहे. ज्या समाजाला बाबासाहेबांनी पहिला आदेश 'शिका' असा दिला, त्या समाजातील मुलगा लायसन्सची लेखी परीक्षा एक पानही न वाचता, एजंटाच्या हातावर नोटा ठेवून 'पास' होतो!

ही परीक्षा म्हणजे काय, हे तरी आपण कधी नीट पाहिले आहे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११ प्रमाणे शिकाऊ लायसन्स मागणाऱ्याला चार गोष्टींचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे. रस्त्यावरील चिन्हे, सिग्नल आणि वाहतुकीचे नियम; अपघात झाल्यास ड्रायव्हरची कर्तव्ये; मानवरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी; आणि गाडीत बाळगावयाची कागदपत्रे. (ब्रॉडगेज मार्गावरील मानवरहित फाटके २०१९ च्या सुरुवातीलाच संपली, पण नियमाच्या पुस्तकात फाटक अजून उभेच आहे.) शंभरातील साठ उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास. म्हणजे ही गाडी चालविण्याची नव्हे, कायद्याची परीक्षा आहे. एजंट म्हणतो, "तू फक्त फोटोला बस, बाकीचे मी बघतो." २०२१ सालापासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली, तेव्हा तर माऊस कोणाच्या हातात आहे हे पाहणाराही समोर उरला नाही.

आता या चारपैकी दुसरा मुद्दा घ्या. अपघात झाल्यावर काय करावे? मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १३४ सांगते की ड्रायव्हरने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात न्यावे. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. संतप्त जमावामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल, तर ड्रायव्हरवर ती सक्ती नाही. मात्र त्याने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घटना कळविली पाहिजे आणि मदत का करता आली नाही तेही सांगितले पाहिजे.

जमावाची भीती आपल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. काचेवर 'जयभीम' लिहिलेली गाडी परक्या गावात अपघातात सापडली, तर जमाव आधी काच वाचतो आणि मग जखमीकडे पाहतो, हा अनुभव अनेकांचा आहे. अशा वेळी जीव वाचविण्यासाठी तेथून निघणे कायद्याला मान्य आहे. पण निघून थेट ठाण्यात जायचे, पाहुण्यांच्या गावी नाही! प्रत्यक्षात काय होते? मालकाचा फोन येतो, "मोबाईल बंद कर, चार दिवस कोठेतरी जा, मी मिटवितो." मालक स्वतःपुरते मिटवितो. ड्रायव्हर 'फरार' ठरतो. कलम १३४ न पाळल्याबद्दल कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे वेगळेच. ज्या मुलाने हा प्रश्न परीक्षेपूर्वी एकदा जरी मन लावून वाचला असता, त्याला त्या रात्री मालकाचे ऐकायचे की कायद्याचे, हे ठरविता आले असते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली. त्याच कलमात, घटना न कळविता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली गेली. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील ड्रायव्हरांनी चक्का जाम केला म्हणून १ जुलै २०२४ रोजी नवा कायदा लागू होताना ती दुसरी तरतूद बाजूला ठेवावी लागली. रस्त्यावरच्या ड्रायव्हरांनी सरकारला ब्रेक लावायला लावला, ही साधी गोष्ट नव्हे. पण बाजूला ठेवलेली तरतूद रद्द झालेली तरतूद नसते, हे ध्यानात असू द्यावे.

मालकाची जबाबदारीही याच अभ्यासात सापडते. जादा माल भरला तर कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हा दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो, असे किती जण सांगतात! वास्तविक असा माल भरून गाडी चालविणारा जितका गुन्हेगार, तितकाच ती चालवू देणाराही. कलम ११३ तर असे सांगते की ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. किती ड्रायव्हरांना हे वाक्य ठाऊक आहे?

आणखी एक प्रश्न आपल्या चळवळीच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. १४ एप्रिलची मिरवणूक, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. गावोगावचे बांधव टेम्पो, ट्रक करून निघतात. माल वाहून नेणाऱ्या गाडीत बसविलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी प्रकरणात दिला आहे. गाडी उलटली तर मृतांच्या घरच्यांना विम्याचा आधार नाही, आणि ज्या गरीब टेम्पोवाल्याने श्रद्धेने गाडी दिली त्याचे घरदार विकले जाते. जयंती मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे आधी वाचावे, मग भाडे ठरवावे. बस महाग पडते हे खरे आहे. तरीही बसच करावी.

दिलासा देणारा निकालही आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची व्यावसायिक गाडी चालविली, तर वेगळी नोंद नाही म्हणून विमा कंपन्या हात वर करीत. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात आणि पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की अशी वेगळी नोंद आवश्यक नाही. छोट्या टेम्पोवर पोट भरणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. मात्र धोकादायक माल नेण्याचे नियम वेगळे आहेत, तेथे ही सवलत नाही.

परंतु व्यवस्थेचा खरा दोष पुढेच आहे. ज्याच्याकडे आधीच वैध लायसन्स आहे, त्याला नवीन वर्गासाठी अर्ज करताना नियम ११ ची ही परीक्षा माफ आहे! म्हणजे अठराव्या वर्षी मोटारसायकलसाठी चार चिन्हे ओळखली, पुढे हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर बाळगले, की विसाव्या वर्षानंतर ट्रकचे किंवा बसचे लायसन्स मागताना कायद्याचा एकही प्रश्न विचारला जात नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र लागते. ते कसे मिळते हे आम्ही सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत ट्रक-बसच्या लायसन्ससाठी स्वतंत्र लेखी परीक्षा आहे, उत्तीर्ण होण्यास ८० टक्के लागतात, आणि प्रवासी बस, टँकर, धोकादायक माल यांच्यासाठी पुन्हा निराळ्या परीक्षा आहेत. आपल्याकडे चाळीस जिवांची बस ज्याच्या हाती द्यायची, त्याला काहीच विचारायचे नाही.

वेगळी परीक्षा मागणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणे, असा आक्षेप आमचेच काही कार्यकर्ते घेतील. आक्षेप निराधार नाही. २००७ साली व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पासची अट घातली गेली आणि २०१९ पर्यंत ती राहिली. बारा वर्षे हजारो हातांना गाडी येत असून कागद नव्हता, आणि शाळेचे खोटे दाखले विकणाऱ्यांची चांदी झाली. लबाडीने लायसन्स मिळविले हे उघड झाले तर कलम १९ खाली ते रद्द होते, तेव्हाही बुडाला ड्रायव्हरच. पण शाळेचा दाखला मागणे आणि कामाचे ज्ञान तपासणे यात फरक आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न मराठीत ऐकवून विचारा, चित्रे दाखवा, शिकवणी फुकट द्या, पण विचारा.

आणि त्या परीक्षेत कामाच्या तासांचाही प्रश्न असावा. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ साली मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा ड्रायव्हरपर्यंत आणली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत गेला, तरी आठ तासांची मर्यादा संहितेतही आहे. मात्र सलग सोळा तास गाडी हाकणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नाही.

सरकार सांगेल तेव्हा सांगेल. तोवर प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास काढता येईल. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर सराव परीक्षा आहे, ती मोबाईलवर उघडावी. गोल चिन्हे हुकमाची, त्रिकोणी धोक्याची, चौकोनी माहितीची, येथून सुरुवात करावी. मग २०१७ चे वाहन चालविण्याचे विनियम, मग कलम १३४, ११३ आणि १९४. वस्तीतील जुन्या ड्रायव्हरांना बोलवावे, त्यांना रस्ता ठाऊक आहे. वकिलाला बोलवावे, त्याला कलम ठाऊक आहे. मुलींनाही बसवावे. एजंटाला द्यायचे पैसे त्या मुलांच्या घरातच राहतील, आणि आर.टी.ओ.च्या खिडकीवर सरकारी फी भरून पावती घेण्याची सवय लागेल.