पासिंग परराज्याचं, बोअर आपल्या शिवारात

उन्हाळा तापू लागला की बीड जिल्ह्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. त्यांतल्या कित्येकींचं पासिंग तमिळनाडूचं, नाहीतर कर्नाटकाचं असतं. तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं माहेरघर. गाडी तिकडची, कामगार तिकडचे, एजंट तेवढा आपला. कमाई इथं आणि टॅक्स तिकडं, हे कसं काय, असा सवाल उठणारच. बीडचा एमएच-२३ किंवा अंबाजोगाईचा एमएच-४४ नंबर घ्या, नाहीतर चालते व्हा, हे त्यावरचं सोपं उत्तर. पण कायदा तसं म्हणत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ राहिली, तरच मूळ आरटीओची एनओसी घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. टॅक्स ही वेगळी गोष्ट. तो राज्याच्या अखत्यारीतला आहे आणि महाराष्ट्राचा १९५८ चा कायदा इथं वापरल्या जाणाऱ्या वाहनावर तो बसवतो. म्हणजे नंबर तिकडचा आहे म्हणून टॅक्सही इथं लागत नाही, असं कुणी समजू नये.

कडक अंमलबजावणी मागणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. वर्षानुवर्षं गावाकडे न परतणारी गाडी पाहुणी कशी म्हणायची? इथं टॅक्स भरणाऱ्या स्थानिक मालकाला तिच्याशी दरात झुंजावं लागतं. रिग आणि तिच्यामागची सामानाची गाडी शिवाररस्ते खचवून जातात. काही वाद झाला तर नोटीस हजारभर किलोमीटरवरच्या पत्त्यावर धाडायची.

तरी मुदत महिन्यावर आणा, असं म्हणण्याआधी बीडने स्वतःकडे पाहावं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या निघतात. बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांवर बीडची माणसं जातात, बीडचे ट्रॅक्टर-ट्रकही जातात आणि पाच-सहा महिने तिथंच राहतात. कर्नाटकाने २०१४ मध्ये महिनाभरापेक्षा जास्त राहणाऱ्या परराज्यातल्या वाहनांवर आजीवन कर लावण्याची तरतूद केली होती. तिथल्या उच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये रद्द ठरवली. तो दट्ट्या मुख्यतः खासगी मोटारींना होता. तसाच नियम उद्या ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला लागला, तर आपण काय म्हणू? १२ महिन्यांची मुदत अशा हंगामी धंद्याला सांभाळून घेते. शिवाय टंचाईत बाहेरच्या गाड्या आटल्या तर बोअरचा फूटदर चढेल आणि तो शेतकऱ्याच्याच खिशातून जाईल.

खरी अडचण १२ महिने सिद्ध कसे करायचे ही आहे. पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते, पण धारूर-केजच्या आतल्या रस्त्यांवर फिरणारी रिग महिनोन्‌महिने टोल ओलांडत नाही. पुराव्याशिवाय रस्त्यात गाडी अडवली की जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची पावती मिळत नसते.

आणि या सगळ्या नंबराच्या चर्चेत बीडसाठी जास्त मोलाची नोंदणी बाजूलाच राहते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार रिगमालकाने वेगळी नोंदणी करायची आहे, मग गाडीचं पासिंग कुठलंही असो. त्याच कायद्यात ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास, ही खोल विहिरीची सीमारेषा आहे. बालाघाटाच्या काळ्या पाषाणात खाली जावं तसं पाणी मिळण्याची शाश्वती घटते. तरी पानाड्याच्या नारळावर विसंबून पाचशे-सातशे फूट बोअर घेतले जातात, फेल जातात आणि कर्ज तेवढं उरतं. एमएच-२३ नंबराच्या गाडीने ते खोदले काय नि तिरुचेंगोड्याच्या गाडीने खोदले काय, भूजलाला फरक पडत नाही.

तेव्हा आमचं मत असं की १२ महिन्यांचा नियम आहे तसा राहू द्यावा, पण पुरावा रस्त्यावर न शोधता शिवारात शोधावा. प्रत्येक बोअरची तारीख, खोली आणि गाडीचा नंबर ग्रामपंचायतीत लिहून घेणं बंधनकारक करावं. ती वही भूजल यंत्रणेलाही हवी आणि आरटीओलाही. ग्रामसेवकावर आणखी एक काम येईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नोंद करण्याची जबाबदारी रिगमालकाची आणि एजंटची ठेवावी, ग्रामसेवकाने फक्त पडताळणी करावी; आणि नोंद नसलेला बोअर सापडला तर दंड शेतकऱ्याला न करता त्या दोघांनाच करावा.