पातं का लचकतं?

बँडसॉचं पातं लचकायला लागलं की आजूबाजूचा प्रत्येकजण उपाय सांगतो: ताण वाढव, गाईड आवळ, नवं पातं आण. आमच्या बडोद्यात सल्ल्याला तोटा नाही. पण ‘लचकतं’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारत नाही. डावी-उजवीकडे की पुढे-मागे? सतत की ठरावीक वेळाने? ऑफिसात ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहून कुणी बग टाकला की माझं डोकं फिरतं, तसंच इथेही होतं.

काकांच्या 14 इंची मशीनचं पातं पुढे-मागे उडत होतं. एरवी त्यांनी तसंच रेटलं असतं. पण या वेळी टेबलावर चढणार होती दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची सागवानी तुळई. घर उतरवलं तेव्हा हीच एक धड निघाली. तिच्या पातळ फळ्या काढून तिन्ही भावंडांकडे एकेक देव्हारा करायचं ठरलंय. फळी वाकडी फाडली गेली तर तसं लाकूड पुन्हा कुठून आणणार? आणि ताणलेलं पातं चाकावरून निसटलं तर बोटांशी गाठ आहे.

प्लग काढला, दोन्ही झाकणं उघडली, वरचे-खालचे गाईड आणि पाठीमागचं बेअरिंग पात्यापासून लांब सरकवलं. गाईड जवळ असले की खरा दोष झाकला जातो. मग पात्याच्या पाठीजवळ एक लाकडी पट्टी क्लॅम्पने पक्की केली आणि चाक हाताने फिरवत मधली फट बघत बसलो.

यातलं गणित मला फार आवडतं. 14 इंची चाकाचा घेर साधारण 44 इंच, या मशीनचं पातं 93.5 इंच. म्हणजे पात्याची एक फेरी व्हायला चाकाला दोन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरावं लागतं. चाकावर खडूची एक खूण, पात्यावर दुसरी. हिसका चाकाच्या खुणेबरोबर आला तर दोष चाकात किंवा त्यावरच्या रबरात. पात्याच्या खुणेबरोबर आला तर पात्यात, बहुधा वेल्डच्या जोडापाशी. दोन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे वरचं की खालचं हे मात्र रबरावरून बोट फिरवूनच कळतं.

आमच्याकडे दोन्ही निघालं! खालच्या रबरावर भुसा आणि राळ यांचा टणक थर बसला होता; त्याआधी पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन कापलं होतं, त्याची ही देणगी. तो खरवडल्यावर मोठा हिसका गेला आणि त्यामागे लपलेला बारीक हिसका दिसला. जोडापाशी पात्याच्या पाठीवर छोटीशी पायरी होती. धारेच्या दगडाने ती घासून काढली.

पुढचं क्रमाने: आधी ताण, मग वरचं चाक कलवून पातं मध्यावर, आणि गाईड सगळ्यांत शेवटी. गाईड आणि पातं यांत साध्या कागदाएवढी फट पुरते. मागच्या बेअरिंगला पातं फक्त कापताना टेकलं पाहिजे, रिकामं फिरताना नाही.

तुळईवरून लोहचुंबक फिरवल्यावर चार खिळे सापडले, तेही पोटात खोल मोडलेले. ते काढेपर्यंत काकांनी मशीनचा ताण पुन्हा सैल करून ठेवलाय.